रामेश्वराचो कौल आणि गृहखात्याचो कागद

सिंधुदुर्गात इंटरनेट बंद पाडायला सरकारी हुकूम लागत नाही. माडाची एक सुकी झावळ नेमक्या तारेवर पडली की काम होतं. लाईट जाते, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी मान टाकते आणि चार वाड्यांतली माणसं एकमेकांशी पुन्हा तोंडाने बोलू लागतात. झावळीने हयगय केली तर रस्ता खोदणारा जेसीबी असतोच. जमिनीत केबल कुठून गेली आहे हे कंपनीच्या नकाशाला ठाऊक नसतं, जेसीबीच्या दातांना मात्र बरोबर ठाऊक असतं. आणि जून उजाडला की ही जबाबदारी नागरिक स्वतःच्या अंगावर घेतात. पहिला गडगडाट कानावर आला की ओटीवरून म्हातारी ओरडते, “वायर काड रे ती!” मग मोडेमची पिन, टीव्हीची पिन, चार्जर असं सगळं ओळीने भिंतीतून बाहेर येतं. मागच्या पावसात मोडेम जळला होता, त्याचा वास अजून कोणी विसरलेलं नसतं.

गावात देवाची जागा ठरलेली असते, तशी रेंजचीही. कुठे ती सड्यावरच्या कातळावर असते, कुठे शाळेच्या मागच्या भिंतीपाशी, कुठे साकवाच्या बरोबर मधोमध. घरात फोन खिडकीच्या ठरावीक गजाला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो आणि तो तिथून हलवणाऱ्याची खैर नसते. मुंबईहून चाकरमान्याचा फोन आला की पिशवीसकट कान गजाला लावून उभं राहायचं. किनाऱ्यावरच्या निम्म्या संभाषणांचा मजकूर एवढाच असतो: “आयकाक येणा नाय, वायच थांब, रस्त्यार येतंय.” रस्त्यावर पोचेपर्यंत मुंबईकराने फोन ठेवलेला असतो.

२०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या पशुवैद्यकीच्या एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी उभारून ऑनलाईन तास केले. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचं भरभरून कौतुक केलं. कौतुक मोठं सोयीचं असतं, त्याला टॉवर उभारावा लागत नाही. पुढच्या वर्षी १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, झाडं आणि विजेचे खांब एकदमच आडवे झाले, आणि कित्येक गावं काही दिवस विजेविना, फोनविना राहिली. त्याच जिल्ह्यात २०२५ च्या महाराष्ट्रदिनी प्रशासनाने आपल्या कारभारात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचा श्रीगणेशा केला, आणि तेव्हापासून देशातला पहिला एआय जिल्हा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. बुद्धिमत्ता जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसला पोचली आहे. वाडीवस्तीवर ती साकवाच्या मधोमध येऊन उभी राहिली की भेटते.

एवढी तालीम झालेल्या माणसाला “अमुक जिल्ह्यात इंटरनेट सेवा खंडित” ही बातमी ऐकून घाबरायला होत नाही. होतं ते कुतूहल. आपल्याकडे जे फुकट होतं त्यासाठी तिकडे गृह सचिवांना सही का करावी लागते? तर गेलेली रेंज आणि नेलेली रेंज यांत फरक आहे. गेलेल्या रेंजला चार शिव्या घालता येतात, कंपनीच्या माणसाला फोन लावता येतो (लागला तर), आणि उद्या येईल अशी आशा धरता येते. नेलेल्या रेंजच्या बाबतीत आधी विचारावं लागतं की कोणी नेली, कशासाठी नेली आणि परत कधी आणून देणार.

याचं जवळचं उदाहरण फोंड्याचा किंवा करूळचा घाट चढला की भेटतं. सिंधुदुर्गाची भाजी कोल्हापुरातून येते, लग्नाचा बस्ता तिथे फाडला जातो, मोठं दुखणं निघालं की रुग्ण तिकडे नाही तर गोव्यात बांबोळीला जातो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काहींनी मोबाईलवर औरंगजेबाचं स्टेटस ठेवलं. ७ जूनला त्याविरुद्ध बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि नेट बंद झालं. ते दुसऱ्या दिवशीही बंदच होतं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं. म्हणजे व्हॉट्सॲपवाल्यांनी ठरवून दिलेली शिक्षाच पुरेशी होती. पण स्टेटस ठेवणारे मोजके आणि नेट गेलेले लाखो, असा तो हिशेब झाला. गाळ्यात बसलेल्या गूळ व्यापाऱ्याने काय स्टेटस ठेवलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

महाराष्ट्रात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये नाशिक, ९ ऑगस्ट २०१८ च्या बंदात पुणे जिल्ह्यातले सात तालुके, नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती, मे २०२३ मध्ये अकोला, फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर. कोकणपट्टीने मात्र दुसऱ्याच एका यादीत नाव घातलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये उत्तर टोकाच्या पालघरात दोन मुलींना अटक झाली. मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्याला लाईक दिलं होतं. लाईक दिल्याबद्दल पोलीस घरी येतात हे तेव्हा जगाला नवीन होतं. त्या अटकेतून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. आज किनाऱ्यावरचा माणूस गावकीच्या ग्रुपवर भावकीतल्या कोणाच्याही वाढदिवसाला बेधडक अंगठा दाखवतो, तो त्या दोघींच्या उपकारामुळे. अर्थात तो अंगठा कोणी कोणाला दाखवला यावरून पुढे होणारी भांडणं कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.

आता नेट बंद करण्याच्या कायद्याकडे वळू. तो कायदा कालपरवापर्यंत तारेचा होता. १८८५ चा भारतीय तार कायदा, कलम ५, पोटकलम २. तार म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. पोस्टमन तार घेऊन व्हाळ ओलांडताना दिसला की घरात आधी रडारड सुरू व्हायची, नंतर मजकूर वाचला जायचा. कधी तरी आत “नोकरी लागली” असं निघायचं, पण तोपर्यंत शेजारपाजार गोळा झालेला असायचा आणि माणसांची निराशा व्हायची. ही तारसेवा देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तार गेली, कायदा मागे राहिला, आणि ज्याने आयुष्यात तार पाठवलेली नाही अशा पोराचं इन्स्टाग्राम त्या कायद्याने बंद होऊ लागलं. २०१७ मध्ये त्याखाली वेगळे नियम आले. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नियम निघाले. आदेश कारणांसह लेखी हवा, तो राज्याच्या गृह सचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा हवा, एका आदेशाने पंधरा दिवसांपेक्षा जास्त बंद नको, आणि मुख्य सचिवांच्या समितीने पाच दिवसांच्या आत त्याची तपासणी करायला हवी.

यामागे काश्मीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं नेट गेलं, जानेवारी २०२० मध्ये टूजी आलं, फोरजी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या आणि १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेमुदत बंद चालणार नाही, आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, आणि जेवढं दुखणं तेवढंच औषध हवं. इंटरनेटवरून बोलणं आणि इंटरनेटवरून धंदा करणं या दोन्हींना घटनेचं संरक्षण आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं.

हे सगळं वाचून मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या माणसाला नवल वाटणार नाही, कारण त्याच्या गावात याच धर्तीची व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालू आहे. तिला गावपळण म्हणतात. दर तीन-चार वर्षांनी इनामदार श्रीदेव रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसंच नव्हे, गुरं, कुत्री, कोंबड्याही. चिंदर आणि वायंगणीतही ही प्रथा आहे. घरांना कुलपं लागतात, बाजारपेठ ओस पडते, शिवेपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. संपूर्ण शटडाऊन.

आता न्यायालयाची कसोटी लावून पाहू. आदेश जाहीर झालेला असतो, इतका की परळ-लालबागचा चाकरमानी आधीच रजा टाकून येतो. हद्द ठरलेली असते, ती शीव, आणि शीव कुठे संपते यावर शेजारच्या गावाशी आधीच तीनदा भांडण होऊन गेलेलं असल्याने ती इंचाइंचाने पाठ असते. मुदत ठरलेली असते. सूट कोणालाच नाही. मानकरी असो वा सरपंच, सगळ्यांनी बिऱ्हाड डोक्यावर घ्यायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फेरविचार. तीन रात्री झाल्या की देवाला पुन्हा कौल लावतात. त्याने दिला तर परत, नाही दिला तर मुक्काम वाढला. मुख्य सचिवांच्या समितीला पाच दिवस दिलेले आहेत, रामेश्वर चौथ्या दिवशी निकाल देऊन मोकळा होतो. कारणाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखीच परिस्थिती आहे. गावपळण का, हे विचारलं तर कोणी भुताखेतांची गोष्ट सांगतं, कोणी गावाची हवा शुद्ध होते म्हणतं. देवाने लेखी काही दिलेलं नाही. गृहखातं लेखी देतं ते ‘कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने’ एवढंच असतं, आणि त्यातून भुताखेतांपेक्षा जास्त काही कळत नाही.

आणखी एक फरक राहिला. गावपळणीत माणसं मजेत असतात. रात्रभर भजनं, गजाली, पोरांचं क्रिकेट, मोकळ्यावर शिजलेली कोंबड्याची सागोती. सरकारी नेटबंदीत अशी मजा येत नाही, कारण एकट्या माणसाचा धंदा बसतो. मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला जातो तेव्हा आवाज अजून तोंडाचाच असतो, पण पैसे फोनमधून जातात. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या मासेवालीकडे सुरमईचा दर विचारायच्या आधी पर्यटक “स्कॅनर आहे ना?” हे विचारतो. तो स्कॅनर पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लास्टिक लावून बर्फाच्या पाण्यापासून जपलेला असतो. तारकर्लीला स्कुबा करायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्याच्या खिशात रोख पैसे नसतात. खिसाही नसतो, कारण तो आधीच पाण्याच्या पोशाखात असतो. नेट गेलं की सुरमई पाटीत राहते आणि संध्याकाळपर्यंत तिचा भाव बांगड्याकडे सरकू लागतो. इन्कॉइस ही हैदराबादची संस्था लाटांचे इशारे आणि मासे मिळण्याच्या जागा मोबाईलवर कळवते, तेही खोळंबतं. घरी फायबरचं ब्रॉडबँड असलेल्याला बहुतेक वेळा या बंदीची झळ लागत नाही, कारण बंद होतो तो मोबाईलवरचा डाटा. पण देशातल्या शंभर इंटरनेट ग्राहकांतले पंचाण्णवहून जास्त मोबाईलवरच आहेत. उरलेल्यांना बातमी टीव्हीवरून कळते आणि ते म्हणतात, बरं झालं, पोरं जरा पुस्तकं वाचतील.

बरं, एवढं करून अफवा थांबतात का? अफवेला नेट लागतं ही समजूत ज्याने करून घेतली तो एसटी स्टँडवर कधी बसलेला नसावा. कणकवलीहून निघालेली बातमी कुडाळला पोचेपर्यंत तिला तीन मुलं झालेली असतात, आणि हे टॉवर येण्याच्या फार आधीपासून चालू आहे. नेट असलं तर निदान खोट्याला खोटं म्हणणारा एखादा फोटो मागोमाग येतो. यान रिडझाक नावाच्या अभ्यासकाने भारतातल्या २०१६ च्या आंदोलनांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला दिसलं की नेट बंद केल्याने हिंसा शमते असा पुरावा नाही, उलट ती वाढण्याकडे कल दिसतो. शांततेची आंदोलनं ठरवायला निरोप द्यावे लागतात, दगड मारायला निरोप लागत नाही.

मालवणचंच घ्या. २६ ऑगस्ट २०२४ ला राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेही झाले नव्हते. २८ ऑगस्टला किल्ल्यावर दोन पक्षांचे कार्यकर्ते समोरासमोर आले, घोषणा झाल्या, दगडही आले. राज्यभर तापलेल्या या प्रसंगाचं थेट प्रक्षेपण डोंबिवलीत, विरारमध्ये, अगदी दुबईतसुद्धा हातातल्या फोनवर बघितलं गेलं. दगड कोणाच्या हातातून सुटला यावर आजही वाद आहेत, पण तो सुटताना कॅमेरे चालू आहेत याची जाणीव दोन्ही बाजूंना होती, आणि भलेभले त्या जाणिवेने सदरा नीट करतात.

काही राज्यांनी नेटबंदी परीक्षेपर्यंत नेली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानने शिक्षकांच्या पात्रता परीक्षेसाठी अनेक जिल्ह्यांचं मोबाईल नेट बंद ठेवलं, का तर कॉपी होऊ नये. कॉपी झालीच, पेपर फुटला आणि तो फोडायला नेटची गरजच पडली नव्हती.

या सगळ्याची सरकारी मोजदाद कुठे तरी असेल असं कोणाला वाटेल. आपलं सरकार मोजण्यात कमी नाही. पशुगणनेत शेळ्या मोजल्या जातात, आणि ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला काजूच्या बागेत उभं राहून फोटो काढून अॅपवर चढवायला लावतात (म्हणजे फोटो बागेत आणि चढवणं साकवावर). पण डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीचा अहवाल आला, तेव्हा निघालं की देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंद केंद्रातलं कोणतंच खातं ठेवत नाही. मोजतात ते बाहेरचे. ‘अॅक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीत २०२३ मध्ये भारत ११६ वेळा नेट बंद करून जगात पहिला आला होता, सलग सहाव्यांदा. २०२४ मध्ये आकडा ८४ वर आला आणि म्यानमार ८५ घेऊन पुढे गेला. एका गुणाने पहिला नंबर हुकला. तिकडे तेव्हा लष्कराची राजवट होती, त्यांना तयारीला वेळ मिळायचा.

उद्या अशी वेळ सिंधुदुर्गावर आली तर काय होईल? बहुसंख्य लोक फोन खिडकीतून काढून साकवावर जातील, तिथेही कांडी दिसत नाही म्हटल्यावर कंपनीला शिव्या घालतील आणि घरी येतील. पण गावागावात एक काका असतात. कोर्टकचेरी हा त्यांचा छंद असतो, कपाटात सातबारापेक्षा नकलांची फाईल जाड असते, आणि तहसीलदार कचेरीतला शिपाई त्यांना बघून आधी नमस्कार करतो. ते सकाळच्या एसटीने ओरोसला जातील आणि काउंटरवर विचारतील, “नेट बंद केलास, बरा केलास. हुकूम खय असा? नक्कल दी.”

कारकून सांगेल, आदेश वेबसाईटवर आहे.

काका वेबसाईट उघडायला सांगतील. ती उघडणार नाही. मग ते दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकतील. त्याला तीस दिवस. तोवर थांबणं त्यांच्या रक्तात नाही. पूर्वी उच्च न्यायालयात जायचं तर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आला, त्यामुळे आता फोंडा घाट चढला की उच्च न्यायालय. या बेंचचा जिल्ह्यात सगळ्यांत जास्त आनंद कोणाला झाला असेल तर तो अशा काकांना. वकील त्यांना समजावेल की या याचिकांचं असं असतं: सुनावणीची तारीख लागेपर्यंत नेट सुरू झालेलं असतं, सरकारी वकील उभे राहून म्हणतात आता प्रश्नच उरला नाही, आणि याचिका निष्फळ म्हणून निकाली निघते. देशभरात कितीतरी याचिका अशाच संपल्या आहेत.

काका चष्मा पुसतील. सामायिक कुंपणातल्या फणसावरून चुलतभावाशी त्यांचा दावा चालू आहे. फणस तौक्त्यात मुळासकट पडला, त्याची लाकडं चुलतभावाने जाळली, आणि पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. “नेट सुरू झाला म्हणान दावो कसो संपतलो?” ते वकिलाला विचारतील. “तारीख घेवा तुमी.”